न आवडलेल्या कॉफीचे काय करायचे?



तुमच्या फडताळात, अगदी मागच्या रांगेत, असा एखादा डबा नक्की असेल जो कोणी उघडत नाही आणि कोणी टाकतही नाही. कुणाकडे तो परदेशातून आलेल्या कडू चॉकलेटचा असतो, कुणाकडे लग्नातून आलेल्या गुलाबाच्या वासाच्या सुपारीचा. भाजी असती तर चार दिवसांत नासली असती आणि प्रश्न आपोआप मिटला असता. या डब्यातले नासत नाही. आवरासावर करताना तो हाती येतो, आपण झाकण उघडून वास घेतो, तोंड वाकडे करतो आणि पुन्हा मागे सरकवतो.

या लेखात अशाच एका वस्तूविषयी बोलायचे आहे: हेझलनटचा वास लावलेल्या भाजक्या कॉफीच्या बिया. विषय फार लहान वाटेल. पण ‘अन्न आहे, टाकवत नाही’ आणि ‘आवडत नाही, पिववत नाही’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आपण काय करतो, त्यात आपली बरीच परीक्षा होते. ती कशी, हे पाहण्यासाठी आधी ही कॉफी येते कुठून ते पाहू.

जयपूर शहराच्या उत्तरेला, सीकर रस्त्याच्या बाजूने, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. तिथले पत्ते रस्त्यांच्या क्रमांकाने सांगतात: रोड नंबर पाच, रोड नंबर नऊ, रोड नंबर चौदा. मी वाणिज्य शाखेत शिकते आणि सुट्टीत तिथल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात साठ्याची मोजणी शिकायला जाते. दिवाळीच्या आठवड्यात त्या भागात मालाच्या गाड्यांइतकेच भेटीचे डबे फिरत असतात. कच्चा माल पुरवणारा कारखानदाराला देतो, कारखानदार ग्राहकाला, ग्राहक वाहतूकदाराला. सोनपापडीचा एकच डबा दहा घरे फिरून मूळ मालकाकडे परत येतो ही थट्टा तुम्हीही केली असेल. आता सोनपापडीच्या जोडीला नव्या वस्तू आल्या आहेत, त्यात ही सुगंधी कॉफी. तीही पूड नव्हे, अख्ख्या बिया. राजस्थान हा चहाचा मुलूख. कॉफी दळायचे यंत्र तिथल्या किती घरांत असणार? आपल्याकडे म्हणतात, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

असे एक अडीचशे ग्रॅमचे पाकीट मी तीन दिवसांत चार हातांतून जाताना पाहिले. मालकांच्या टेबलावरून ते अकाउंटंट साहेबांकडे आले, त्यांच्याकडून सुपरवायझरकडे गेले आणि सुपरवायझरने ते रात्रपाळीच्या चौकीदाराला दिले. प्रत्येक वेळी देणाऱ्याच्या तोंडी एकच शब्द होता: भेट. प्रत्येक जण देताना हसला. चौकीदाराच्या खोलीत एक स्टूल, एक विजेरी आणि चहापुरती छोटी शेगडी आहे. त्याने पाकीट दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि कोनाड्यात ठेवून दिले. ते तिथेच राहिले.

यात कोणी वाईट वागले असे म्हणता येणार नाही. कोणी अन्न टाकले नाही, सगळ्यांनी दिलेच. तरीही काहीतरी खटकते. काय खटकते, हे मला या संकेतस्थळासाठी हिंदीतून मराठीत अनुवादाची सेवा करताना थोडे उलगडले. त्या कारखान्यात मालकांचे पहिले वाक्य होते, ‘इसे कहीं ठिकाने लगा दो।’ हिंदीत ‘ठिकाने लगाना’ म्हणजे योग्य जागी पोहोचवणेही आणि कायमची वासलात लावणेही. मराठीत आणायचे तर आपल्याला निवड करावी लागते. आपण म्हणू ‘संपवा’, किंवा म्हणू ‘खपवा’, किंवा म्हणू ‘सत्कारणी लावा’. डबा तिन्ही वेळा रिकामा होतो. माणूस मात्र तिन्ही वेळा वेगळे काम करत असतो.

आधी संपवण्याचे बघू. आपल्यापैकी पुष्कळांवर ‘पानात टाकायचे नाही’ असा संस्कार झालेला असतो आणि तो चांगलाच आहे. मग न आवडणारी कॉफी आपण नाक दाबून, रोज एक कप, महिनाभर पितो आणि मनात एक छोटे पुण्य जमा झाल्यासारखे वाटते. इथे माझ्या अभ्यासक्रमातली एक गोष्ट सांगते. आम्हाला पहिल्याच वर्षी ‘बुडीत खर्च’ शिकवतात. जो पैसा खर्च झाला आणि कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना मोजायचा नाही. सिनेमा कंटाळवाणा निघाला तर तिकिटाच्या पैशांसाठी उरलेले दोन तास बसून राहण्यात अर्थ नसतो. कॉफीलाही हे लागू पडते, आणि पैशाहून मोठ्या गोष्टींनाही. अभ्यासकांनी काढलेल्या जागतिक सरासरीप्रमाणे एका कप कॉफीमागे शेतापासून कपापर्यंत सुमारे 140 लिटर पाणी लागते. त्यातले बहुतेक झाडाने घेतलेले पावसाचे. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटाचा हिशेब पाच हजार लिटरच्या आसपास जातो. जयपूरसारख्या शहरात हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. ज्या रामगढ तलावात 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला आणि शहर आता टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाचे पाणी पिते. पण मी ती कॉफी नाक दाबून प्यायले म्हणून त्या पाच हजार लिटरांतला एक थेंबही रामगढला परत जात नाही. कॉफी गेली माझ्या पोटात, पाणी गेले ते गेलेच.

शिवाय शरीराचेही काही म्हणणे असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसभरात 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये असे म्हटले आहे आणि एक कप ताज्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे लवकर संपवण्यासाठी दिवसाला चार-पाच कप पिणारा माणूस अन्न वाचवत नाही, स्वतःची झोप घालवतो. आपले पोट कचरापेटी नाही, हे वाक्य आईच्या पिढीला पटवणे अवघड जाते, पण ते खरे आहे.

कोणी म्हणेल, मग अस्वादाचे काय? महात्मा गांधींच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे आणि 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना पाठवलेल्या पत्रांत त्यांनी त्यावर स्वतंत्र लिहिले. अन्न औषधासारखे घ्यावे, हा त्याचा गाभा. पण औषधाची उपमा नीट लावून पाहा. औषध कडू आहे म्हणून आपण सोडत नाही हे खरे. तसेच बाटली उरली आहे म्हणून गरज नसताना पीतही नाही. जिभेच्या आवडीने खाऊ नये, हे जितके अस्वादात येते तितकेच ‘संपवले’ या समाधानासाठीही खाऊ नये, हे येते. ते समाधानही एक चवच आहे. (गांधीजींना थेट विचारले असते तर प्रश्नच उरला नसता म्हणा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 1942 साली आरोग्यावर लिहिताना त्यांनी चहा, कॉफी आणि कोको तिन्हींना शरीराला अनावश्यक ठरवले होते.)

आता खपवण्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे.

कठोपनिषदाची सुरुवात तुम्हाला ठाऊक असेल. नचिकेत्याचे वडील सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करत होते. दक्षिणेच्या गाई चालल्या होत्या आणि लहानग्या नचिकेत्याने त्या नीट पाहिल्या. त्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते, दूध काढून झाले होते, आणि पुन्हा वासरू होईल अशी शक्तीही उरली नव्हती. ज्याच्या घरी त्या जाणार त्याच्या वाट्याला फक्त चारापाणी घालणे येणार होते. पुढची कथा मृत्यूच्या दारापर्यंत जाते आणि आपण सगळे त्या संवादाकडे धावतो, कारण तत्त्वज्ञान तिथे आहे. मला मात्र वाटते, त्या गाईंपाशी जरा थांबावे. एवढ्या मोठ्या विद्येचे दार उघडले ते एका मुलाच्या मनात आलेल्या साध्या शंकेने: आपल्याला नको असलेले देणे हे दान कसे?

आपल्याकडे दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी म्हण आहे. ती घेणाऱ्याला सांगितलेली आहे. देणाऱ्याने तर ते मोजलेच पाहिजेत. नचिकेत्याने तेच केले, तेही घरचाच असून.

त्या चौकीदाराच्या कोनाड्यातल्या पाकिटाकडे या नजरेने पाहिले की खटकणारी गोष्ट दिसते. मालक अकाउंटंटना देऊ करत होते तेव्हा अकाउंटंट थट्टेत का होईना ‘नको’ म्हणू शकले असते. सुपरवायझरला ते थोडे अवघड होते. चौकीदाराला ते अशक्य होते. वस्तू जसजशी खाली सरकली तसतशी नकार देण्याची मोकळीक कमी होत गेली, आणि ज्याला मुळीच नाही म्हणता येत नाही तिथे पोचून ती थांबली. आपल्या घरांतही हेच घडते. शिळे कामवाल्या मावशींना, फाटके वॉचमनच्या मुलाला, कुणालाच न आवडलेला केक इस्त्रीवाल्याला. आपण म्हणतो, ‘टाकण्यापेक्षा कुणाच्या तरी मुखी लागले.’ वाक्य गोड आहे. पण समोरच्याने तोंडभरून आभार मानावेत अशीही आपली अपेक्षा असते. म्हणजे नको असलेली वस्तू गेली ती गेली, वर कृतज्ञताही मिळाली. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर निरुपयोगी माल पूर्ण किमतीला विकला.

आणखी एक बारीक गोष्ट. हिशेबात शिल्लक मालाची किंमत लावण्याचा नियम असा की खरेदीची किंमत आणि विकून हाती येईल ती निव्वळ रक्कम, यांतली जी कमी असेल ती धरायची. पडून राहिलेला माल वहीत फुगवून दाखवता येत नाही. पण भेट आलेली कॉफी कारखान्याच्या साठ्यात येतच नाही. देणाऱ्याच्या वहीत ती जाहिरात किंवा विक्रीवाढीचा खर्च म्हणून लिहून झालेली असते. घेणाऱ्याच्या वहीत तिची ओळही नसते. जी वस्तू कुठल्याच वहीत नाही, तिची जबाबदारी कुणालाच वाटत नाही; आणि ती फिरत राहते.

मग देऊच नये का? जरूर द्यावे. फक्त देण्याआधी एक प्रश्न विचारावा आणि तो खऱ्या अर्थाने विचारावा: ‘ही कॉफी आम्हाला आवडली नाही, वास उग्र आहे, दळावी लागते. तुम्हाला हवी का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा.’ एवढे बोलायला जीव थोडा खाली-वर होतो, कारण भेटीचा मोठेपणा निघून जातो. तो गेला की जे उरते तेच देणे. आणि कुणाला खरोखर आवडतेही! आमच्या महाविद्यालयात याच वासासाठी रांग लावणाऱ्या मैत्रिणी मला ठाऊक आहेत. माझी नावड हा त्या बियांचा दोष नव्हे. नावडतीचे मीठ अळणी, असे उगाच म्हणत नाहीत. एकदा ‘मला हे आवडत नाही’ असे ठरले की आपण पुढे चव घ्यायचेच सोडून देतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयी लागोपाठ व्रते सांगितली आहेत. अन्नाची निंदा करू नये. अन्नाचा अव्हेर करू नये. अन्न वाढवावे. लक्षात घ्या, तिथे ‘अन्न आवडलेच पाहिजे’ असे व्रत नाही. आवड-निवड ही जिभेची घटना आहे, ती येते तशी येते. निंदा मात्र आपण करतो. ‘शी, कसली ही कॉफी’ हे वाक्य चवीची बातमी देत नाही. ते त्या वस्तूमागच्या सगळ्या हातांना एका फटक्यात मोडीत काढते. आणि ते हात थोडे नसतात. कॉफीचे झाड लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षे जातात. चिकमगळूर-कोडगूच्या उतारांवर पिकलेली लाल फळे हातांनी, एकेक पाहून तोडतात. एका फळात बहुधा दोन बिया. गर काढा, वाळवा, पाखडा, भाजा. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो कॉफी हाती येते. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणल्या अशी परंपरा सांगतात, त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे. हेझलनटचा वास या साऱ्यानंतरचा: बिया भाजून झाल्यावर त्यांवर सुगंधी द्रावण शिंपडतात, वजनाच्या साधारण दोन-तीन टक्के. म्हणजे मला जे आवडले नाही ते त्या पाकिटातले शंभरातले तीन भाग. उरलेले सत्त्याण्णव भाग कॉफीच आहे.

सत्कारणी लावणे इथून सुरू होते, वस्तू नीट ओळखण्यापासून. ही गोष्ट मी त्या कारखान्यातच पाहिली. लेथवर धातू कातताना जो कीस पडतो, तो तिथे कोणी केराबरोबर झाडून टाकत नाही. पितळेचा वेगळ्या पिंपात, लोखंडाचा वेगळ्या. पितळेच्या किसात चुकून लोखंड गेले असेल तर त्यातून चुंबक फिरवतात, कारण मिसळलेल्या मालाला भाव कमी येतो. कारागीर त्या किसावर प्रेम करतो असे नाही. त्याला तो काय आहे हे माहीत असते, एवढेच. ज्याच्या नावाने ते क्षेत्र ओळखले जाते, त्या विश्वकर्म्याची पूजा म्हणून यंत्रांना फुले वाहतात त्या दिवशी लेथ बंद असतो. पूजा वर्षभर चालू असते ती या पिंपांपाशी, असे मला वाटते.

मग कॉफीचे काय करता येईल? माझ्या हाताने केलेले सांगते. वास उष्णतेने उसळतो, म्हणून जाडसर दळून रात्रभर, साधारण बारा तास, थंड पाण्यात भिजत घालावी आणि गाळून घ्यावी. सुगंध पुष्कळ दबतो, कडूपणाही कमी होतो. किंवा चिकोरी घातलेल्या साध्या फिल्टर कॉफीत एक चतुर्थांश मिसळावी. दूध आणि थोडे जायफळ यांच्यापुढे हेझलनट फारसा टिकत नाही. नारळाच्या वड्या किंवा केक करायचा असेल तर हा वास उलट कामाचाच. दळायला मिक्सरचे लहान भांडे चालते, पण तेलकट सुगंध भांड्याला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी जिऱ्याची पूड हेझलनटच्या वासाची होते! मूठभर कोरडे तांदूळ फिरवून मग भांडे धुवावे. आणि घाई करू नये. अख्ख्या बिया पुडीपेक्षा बऱ्याच जास्त टिकतात. डबा थोडा उघडा ठेवला तर काही आठवड्यांत वरून लावलेला वास मंदावतो. कॉफीचा स्वतःचा गंधही थोडा जातो, एवढे सोसावे लागते.

काही जण वाटीभर बिया चपलांच्या कपाटात ठेवतात. वास जातो, हे खरे. पण अन्नाला अन्न राहू देण्याचे सगळे मार्ग संपल्यावरच मी तिथवर जाईन. त्यानंतरचा मार्ग मातीचा: गाळून उरलेला चोथा कुंडीत किंवा खतात. अख्ख्या बिया लवकर कुजत नाहीत, दळून टाकाव्यात. मातीला दिलेल्या गोष्टीबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये दिलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के घरांमधून. हा आकडा काही आपल्या एका पाकिटाने हलत नाही. पण ज्या घरात एका नावडत्या पाकिटाविषयी इतका विचार झाला, तिथे पुढच्या वेळी दुकानात ‘घेऊन तर पाहू’ म्हणत हात पुढे जाताना जरा थांबतो, आणि दिवाळीच्या भेटींची यादी करताना कोणीतरी विचारते, ‘त्यांच्याकडे हे कोणी खाते का?’

त्या कोनाड्यातल्या पाकिटाचे पुढे काय झाले, हे विचाराल म्हणून सांगते. अकाउंटंट साहेबांनी एके संध्याकाळी चौकीदाराला सरळ विचारले, ‘वह कॉफी आपके काम की है क्या? सच बताइए।’ तो आधी ‘अच्छी है साहब’ म्हणाला. साहेब गप्प उभे राहिले. मग तो हसला आणि म्हणाला की पाकीट उघडलेलेच नाही, दात घासायच्या पावडरीसारखा वास येतो. पाकीट कॅन्टीनमध्ये आले, पाकशाळेतल्या दादांनी बिया मसाल्याच्या भांड्यात दळल्या, आणि ज्यांना हवी होती त्यांनी आठ-दहा दिवस दुधातून प्यायली. मला ती तेव्हाही आवडली नाही. चौकीदाराने त्या दिवशी कोनाड्यात अर्धा किलो साखर आणि चहाची पुडी ठेवून घेतली. कोणती चहापत्ती हवी, तेही त्यानेच सांगितले होते.